डाव्या पट्ट्याचं माप

हे आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेलं नाही. बायकोपाशी नाही, सख्ख्या भावापाशी नाही. काही वर्षांपूर्वी माझं हर्नियाचं ऑपरेशन झालं, तेव्हा भीती ऑपरेशनची नव्हती. भुलीत बडबडलो आणि नेमकं हेच बोलून गेलो तर? शुद्धीवर आल्या आल्या सिस्टरला पहिलं तेच विचारलं. ती म्हणाली, "काही नाही हो काका, मस्त घोरत होतात." तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला.

आता तुम्हाला सांगतोय. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल. ज्यांना सांगायला हवं ते अजून आहेत — महाडकडे, त्यांच्या गावी. त्यांना नाही सांगत. तुम्हाला सांगतोय. हेही त्यातच धरा.

मी आठवी करून शाळा सोडली. आमचं गाव बुलढाणा जिल्ह्यात, लोणारच्या पुढे. गावातल्या एका मुकादमाबरोबर कामाला म्हणून अंबरनाथला आलो, त्र्याऐंशी साल असेल. तिसऱ्या दिवशी त्याने मला एमआयडीसीतल्या एका गेटाबाहेर बसवलं, "आलोच" म्हणाला, आणि गेला तो गेलाच. मी दोन दिवस तिथेच. पंधरा वर्षांचा. परत जायचं तर कुठली गाडी, कुठे बदलायची — काही माहीत नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी एक माणूस डबा घेऊन शेजारी बसला. काही विचारलं नाही. डब्याच्या झाकणात अर्धा भात काढला आणि माझ्यापुढे सरकवला. भातावर सुकटीची चटणी होती. मी तोवर सुकट कधी खाल्ली नव्हती. वास कसातरीच वाटला, आणि तरी झाकण चाटून पुसून ठेवलं.

ते दामूदादा. तिथल्याच एका कारखान्यात फिटर. राहायला बदलापूरला, चाळीत एक खोली — ते, शालनवहिनी आणि दोन मुली. त्या खोलीबाहेरच्या ओट्यावर मी सहा वर्षं झोपलो. कावीळ झाली तेव्हा वहिनींनी महिनाभर मला वेगळं शिजवून घातलं, स्वतःच्या पोरींना ओरडून माझ्यासाठी उसाचा रस आणायला पाठवलं. उल्हासनगरला बॅगांच्या कारखान्यात — कारखाना म्हणजे चार मशिनी आणि एक पोटमाळा — मला चिकटवलं तेही दादांनीच. सेठ सिंधी, दिवसभर माझ्या डोक्यावर उभा. "अरे बाबा, टीप सीधी मार! ये बॅग है, तेरे गाँव का रास्ता नहीं!" पण हात त्यानेच घडवला. आज माझं स्वतःचं छोटं दुकान आहे, मुलं शिकली, दोन वेळचं नीट खातो. हे सगळं त्या अर्ध्या भातापासून सुरू झालं. मी ते एक दिवससुद्धा विसरलेलो नाही — आणि गोम तिथेच आहे.

दादांना एक सवय होती. माझी कुणाशी ओळख करून द्यायची म्हणजे सुरुवात त्या गेटापासून.

"हा सुदाम. गेटाबाहेर रडत बसला होता. शेंबूड इथवर. आठवी नापास —"

"पास, दादा."

"बरं, पास. मी आणला ह्याला."

माणसं हसायची. दादाही हसायचे, माझ्या पाठीवर हात ठेवायचे. त्यांच्या मनात काही नसायचं. काहीही नसायचं, हे मला तेव्हाही पक्कं ठाऊक होतं. पण मी वीसचा झालो, एकवीसचा झालो, मिशी आली, कारागीर झालो — आणि तरी दर रविवारी मी त्या गेटाबाहेर रडतच बसलेलो. हे कारण म्हणून सांगत नाहीये. कारणाचं पुढे येईलच.

रविवार आमचा डोंगरांचा. बदलापुरात चित्रकलेचे एक सर होते, त्यांच्या पडवीत आमचं टोळकं जमायचं. कुणी फिटर, कुणी टपाल खात्यातला, कुणी दुकानदार. सर एकदा हिमाचलला जाऊन आले आणि येताना पाईनचं एक वाळकं फळ घेऊन आले, लाकडी पाकळ्यांचं. ते हातोहात फिरलं आणि दादांच्या हातात थांबलं. दादांनी ते उलटं केलं, सुलटं केलं, हुंगलं. "सर, हे झाडाला लागतं?" मग म्हणाले, "आपण जाऊ या की." अगदी असंच. जणू पुढच्या स्टेशनावर, वांगणीला जायचंय.

पाईन म्हणजे सुरूच्या झाडासारखं, सर म्हणाले. दादा कोकणातले, त्यांना सुरू माहीत. मला सुरूही माहीत नव्हता. आमच्याकडे बाभूळ आणि बोरी. पण पाईनच्या वर शेवाळाचं जंगल लागतं म्हणे, ते तर कुणालाच कळेना. सर म्हणाले, विहिरीच्या आतल्या दगडांना धरतं तसं, पण झाडांना. खोडाला, फांदीला, जिकडेतिकडे. हात ठेवला तर मनगटापर्यंत आत जातो. दुसऱ्या दिवशी सकाळी दादा चाळीच्या मोरीमागे, ओल्या भिंतीवर तळवा फिरवत उभे. वहिनी म्हणाल्या, "आता जीभ लावा." पोरी खिदळल्या. दादा म्हणाले, "हसा, हसा. मनगटापर्यंत जातो हात."

दोन वर्षं तयारी चालली. नकाशा सरांचा, पण बाकी सगळं दादांच्या डोक्यातून निघायचं. जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर त्यांनी आठ दिवसांचे आठ चौकोन आखले होते. मुक्काम कुठे, पाणी कुठे, चढ किती. तिसऱ्या दिवशी खिचडी, कारण तिथे लाकूड मिळेल. सहाव्या दिवशी नुसतं सातूचं पीठ, कारण खिंडीत वाऱ्याने स्टोव्ह पेटणार नाही. खताच्या रिकाम्या पिशव्या धुऊन, उसवून, जोडून त्यांच्या ताडपत्र्या. उल्हासनगरच्या बाजारातून जुने स्वेटर मी निवडून आणायचे, आणि बदलापूरच्या उकाड्यात सगळ्यांनी ते घालून दाखवायचे. घामाच्या धारा, आणि दादा विचारताहेत, "थंडी वाजतेय का कुणाला?" कारखान्यात सुट्टीचा अर्ज त्यांनी वर्षभर आधी देऊन ठेवला होता. नवे बूट घेतले होते. रोज संध्याकाळी ते घालून चाळीच्या जिन्यावर वर-खाली करायचे, बूट मऊ व्हावेत म्हणून.

नियमही दादांचाच. आदल्या वर्षी एका डोंगरावर आमच्यातला एक जण मध्येच बसला, त्याला घोंगडीच्या झोळीत घालून खाली आणावं लागलं. दादा म्हणाले, हिमाचलात झोळी कोण धरणार? म्हणून निघण्याआधी एक चढाई. प्रत्येकाच्या पाठीवर पंधरा किलो वाळू, पायथ्याच्या गावापासून चंदेरीच्या डोंगरावरच्या गुहेपर्यंत. थांबा, पाणी प्या, खडकाला टेका — पण पट्टा खांद्यावरून उतरवायचा नाही. ज्याने उतरवला तो घरी राहील. "मी असलो तरी," दादा म्हणाले. वाळू कोळशाच्या वखारीतल्या काट्यावर तोलायची आणि वाटेत कुणी ओतू नये म्हणून थैलीचं तोंड दाभणाने शिवून टाकायचं. शिवणार कोण? "सुदाम. माझा माणूस आहे. ह्याच्या टिपेवर माझा भरवसा."

थैल्याही माझ्याच. अकरा जणांच्या अकरा. सेठकडे उरलेल्या कॅनव्हासच्या तुकड्यांतून, जेवणाच्या सुट्टीत शिवलेल्या. पट्ट्यांना बकलं नव्हती. उतरणीला बकल सरकतं असं दादांचं मत. म्हणून प्रत्येकाचं माप घेऊन पट्टे कायमचे शिवायचे, ब्लाउजला घेतात तसं माप, दोन्ही खांद्यांचं वेगळं. माणसाचे दोन खांदे अगदी सारखे नसतात, हे आमच्या धंद्यात कळतं. पण फरक पाव इंचाचा, फार तर अर्ध्याचा. त्याहून जास्त झाला की सगळं वजन एकाच अंगाला जातं. थैली रिकामी घालून बघितली तर कळत नाही. भरून दहा मिनिटं चाललं तरी कळत नाही. दुसऱ्या तासाला मान धरते. तिसऱ्या तासाला हाताला मुंग्या येतात, मग हात आपला राहत नाही.

आलं ना लक्षात?

दादांचा डावा पट्टा मी दीड इंच आखूड शिवला.

चुकून नाही. चिठ्ठीवर आकडा बरोबर होता. पट्टा मी बरोबरच कापला होता, मग दीड इंच आत दुमडला आणि वर दोन टिपा मारल्या. सरळ मारल्या. सेठने बघितल्या असत्या तर शाबासकी दिली असती.

कशासाठी? आता इथे माझ्याकडे एक बरं उत्तर आहे. रिझर्वेशन दहाच मिळालं होतं, आम्ही अकरा. सगळे पास झाले तर सगळ्यांत लहान, सगळ्यांत नवा मी; मागे राहणार तो मीच, हे न बोलता ठरल्यासारखं होतं. मला जायचं होतं हो. जन्मात कधी मी कुठे जायचं म्हणून गेलो नव्हतो, नेलं तिकडे गेलो होतो. पटतंय ना? कित्येक वर्षं मी स्वतःला हेच सांगत आलो, आणि पटवत आलो.

पण ते खोटं आहे.

कारण चढाईच्या आदल्या संध्याकाळी आमच्यातले टपाल खात्यातले शिंदे कारखान्यात मला शोधत आले. "सरांना निरोप दे रे. सुट्टी मंजूर झाली नाही. मी गळालो." म्हणजे अकराचे दहा झाले. माझी जागा पक्की झाली. दादांची थैली तेव्हा माझ्यासमोर, मशिनीच्या पाटावर होती. टीप उसवून पट्टा पुन्हा लावायला किती वेळ लागतो? पाच मिनिटं. ब्लेड माझ्या हातात होतं. मी दुसऱ्याच एका बॅगेचा धागा कापला, ब्लेड ठेवलं, आणि दादांची थैली घडी करून बाकीच्यांबरोबर बांधली.

मग कशासाठी? मला दादांना पट्टा उतरवताना बघायचं होतं. एकदा. सगळ्यांसमोर. एवढंच. ह्याच्या मागे आणखी काही नाही, मी पुष्कळ शोधलं.

होळी होऊन गेली होती, ऊन चढलं होतं. पहिला तासभर दादा सगळ्यांच्या पुढे. मागे वळून एकेकाला चिडवत होते, "सर, वाळू आहे की खडूचे खोके?" मी मुद्दाम त्यांच्या मागे चाललो. दीड तासाने त्यांनी पहिल्यांदा खांदा झटकला. मग मान वाकडी केली. मग बोलणं थांबलं. धबधब्याच्या कोरड्या घळीत, मोठमोठ्या धोंड्यांवरून चढताना ते थांबले.

"सुदाम, बघ रे जरा. थैली तिरकी बसलीय का?"

मी पुढे गेलो. थैली धरली, हलवली, नीट बघितल्यासारखं केलं. आखूड पट्टा त्यांच्या खांद्यात रुतला होता, बोट घालायला जागा नव्हती. मी म्हणालो, "नाही दादा. थैली बरोबर आहे. तुम्हीच तिरके चालताय."

त्यांनी माझं ऐकलं. सरळ चालायचा प्रयत्न करू लागले. सरळ चालायला गेलं की आणखी दुखतं, हे मला माहीत होतं.

गुहा दिसायला लागली होती. वर पोहोचलेले हाका मारत होते. शंभर पावलं असतील नसतील. दादांनी डावा हात उचलायचा प्रयत्न केला, तो उचलला गेला नाही. मग त्यांनी उजव्या हाताने पट्टा उतरवला. थैली आपटली नाही. झोपलेलं मूल ठेवावं तशी खाली ठेवली आणि शेजारी बसले. ओठ पांढरे पडले होते. सदऱ्यावर डाव्या खांद्याला घामात लालसर डाग आला होता.

सगळे खाली उतरून आले. मग सर म्हणाले, "दामू, शिंदे गळालाय, जागा आहे. शंभर पावलांचं काय एवढं? कुणाची हरकत नाही. चल तू." सगळ्यांनी माना हलवल्या. खरंच, हरकत कुणाचीच नव्हती. दादा सरांकडे बघत नव्हते. माझ्याकडे बघत होते.

"काय सुदाम? तू सांग."

मला का विचारलं? मी त्यांचा माणूस होतो, म्हणून. मी "चला दादा" एवढं म्हणालो असतो तर ते उठले असते, नक्की उठले असते. दोन शब्द.

मी म्हणालो, "नियम तुमचाच आहे, दादा. आणि वय झालं की आता तुमचं."

कुणीतरी फिसकन हसलं. दादा एक्केचाळीस वर्षांचे होते. तेही हसले. म्हणाले, "पोरगं बरोबर बोलतंय," आणि वाळूतली रेघ पुसावी तसा जमिनीवरून हात फिरवला.

मला बरं वाटलं. दुसरा शब्द शोधत नाही. बरं वाटलं.

त्यांनी आपले बूट मला दिले. एक नंबर मोठे होते, दोन मोजे घालून बसले. कॅलेंडरचा तो कागद घडी करून माझ्या खिशात घातला आणि स्टेशनवर सोडायला आले. दहावा बर्थ रिकामाच गेला, त्यावर आम्ही थैल्या ठेवल्या. मला तुम्हाला सांगायला आवडलं असतं की तिथे माझा पाय अडखळला, घास उतरला नाही. तसं काही झालं नाही. पाईनच्या सुयांवर चालताना पायाखाली गादी असते, आवाजच येत नाही. उन्हात झाडांना डिंकाचा, धुपासारखा वास येतो. वारा सुटला की लांबून ओढा वाहतोय असं वाटतं. त्या आठ दिवसांइतकं सुख मला आयुष्यात मिळालेलं नाही. तिसऱ्या दिवशी खिचडी केली, तिथे लाकूड मिळालं. सहाव्या दिवशी खिंडीत स्टोव्ह पेटला नाही, सातूचं पीठ खाल्लं. दादांनी न बघता लिहिलेलं सगळं तसंच निघालं. कुणीतरी म्हणालं, "दामू असता तर —" मी म्हणालो, "चला, ऊन चढतंय."

शेवाळात मी हात घातला. मनगटापर्यंत जात नाही हो. बोटांच्या दुसऱ्या पेरापर्यंत जातो.

परत आल्यावर दादांनी मला ओट्यावर बसवलं आणि एकेक दिवस विचारला. मी सांगितलं. सावकाश, काही न गाळता. वास, आवाज, सगळं. त्यांचा चेहरा कसा होतोय ते मला दिसत होतं, आणि मी आणखी सावकाश सांगत होतो. "आणि शेवाळ?" त्यांनी विचारलं. "मनगटापर्यंत जातो हात," मी म्हणालो. कॅमेऱ्याच्या रोलच्या डबीत मी त्यांच्यासाठी चिमूटभर शेवाळ आणलं होतं. बदलापूरच्या हवेत ते दोन दिवसांत तपकिरी झालं. दादा कितीतरी दिवस सकाळी त्यावर पाणी शिंपडत होते.

ते पुन्हा डोंगरावर गेले नाहीत. उल्हासनगरला जाऊन छातीचा फोटो काढून आले. डॉक्टर म्हणाले, काही नाही. काही नाही म्हटल्यावर त्यांनी ठरवून टाकलं की वयच झालं. रविवारी टोळकं हाक मारायचं, तर म्हणायचे, "तुम्ही व्हा पुढे, माझ्यात दम नाही राहिला." हळूहळू हाका थांबल्या. मी परत आणून दिलेलं ते कॅलेंडर वहिनींनी फळीवर अंथरलं, त्यावर डबे ठेवले.

थैली मात्र त्यांनी टाकली नाही. सुदामने शिवलीय, म्हणून. रोज डबा, छत्री, येताना भाजी, महिन्याचं रेशन — सगळं त्याच थैलीतून, आठ वर्षं. डावा खांदा वर ओढून चालायची ढबच पडली त्यांना. मग थैली पाठीवर नसली तरी खांदा तसाच. पोरी चिडवायच्या, "बाबा, टॅक्सीला हात करताय का?" मी समोरच असायचो. वेगळी खोली घेतली तरी दर रविवारी जेवायला तिथेच. खुंटीवरची ती थैली घरी नेली असती, पाच मिनिटांत टीप उसवली असती. आठ वर्षांत किती रविवार येतात?

सत्त्याण्णवच्या सुमाराला दादा माझ्या दुकानात आले. उल्हासनगरला मी नुकताच स्वतःचा गाळा घेतला होता. हातात थैली, डावा पट्टा तुटलेला.

"तुटला बघ शेवटी. टीप नाही सुटली हां तुझी, पट्टाच झिजला. नवा लाव." स्टुलावर बसले, मग म्हणाले, "पण माप तेच ठेव. खांद्याला सवय झालीय."

मी टेप लावली. उजवा मोजला. डाव्याचे दोन तुकडे जोडून मोजले. दीड इंच. नवा पट्टा बरोबर मापाचा लावला असता तर? दादा फिटर. पहिल्याच दिवशी त्यांना कळलं असतं की काहीतरी हलकं झालंय. त्यांनी दोन्ही पट्टे बोटांनी मापले असते, मग त्यांना चंदेरी आठवली असती.

मी नवा पट्टा कापला. दीड इंच आत दुमडला. वर दोन टिपा मारल्या.

दादांनी थैली पाठीवर घेतली, दुकानात चार पावलं चालून बघितलं. डावा खांदा आपोआप वर गेला. "बरोबर," ते म्हणाले. "अगदी तसाच." बॅगेची चेन बदलायला आलेलं एक गिऱ्हाईक बाजूला उभं होतं. दादा त्याच्याकडे वळले, माझ्या पाठीवर हात ठेवला.

"हा सुदाम. गेटाबाहेर रडत बसला होता. मी आणला ह्याला."

गिऱ्हाईक हसलं. मीही हसलो. मग दादा रस्ता ओलांडून गेले, आणि मी त्या माणसाची बॅग हातात घेतली.